वाहनांचे सिग्नल दिवे आणि एल.ई.डी. : वायरिंगच्या कारागिरांसाठी एक धडा

वागळे इस्टेट हे नाव ठाणे जिल्ह्यातील कष्टकरी माणसाला नव्याने सांगायला नको. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि महामंडळाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींत वागळे इस्टेटची गणना होते. एकेकाळी येथे सकाळ-संध्याकाळ कारखान्यांचे भोंगे वाजत. आज अनेक कारखान्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती आणि संगणक कंपन्यांची कार्यालये उभी आहेत. मात्र रस्त्याकडेची गॅरेजे, स्पेअर पार्टची दुकाने, बॅटरीवाले आणि वायरिंगवाले अजून टिकून आहेत. हाजुरी, किसननगर, राबोडी, मुंब्रा येथील कितीतरी मुले शाळा सुटल्यावर याच गॅरेजांत हातात पाना घेतात आणि चार-पाच वर्षांत 'उस्ताद' होतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या घरचा टेम्पो किंवा रिक्षा आहे, त्यांनीही वाचल्यास उपयोग होईल.

गेल्या काही वर्षांत या कारागिरांकडे एक काम वारंवार येऊ लागले आहे. गाडीचे जुने पिवळट बल्ब काढून त्या जागी एल.ई.डी. बसवून द्या, असे गिऱ्हाईक सांगते. काम सोपे दिसते. बल्ब फिरवून काढायचा, नवा फिरवून बसवायचा, पैसे घ्यायचे. दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक परत येते. असा एक प्रसंग मी स्वतः बाकावर बसून ऐकला आहे. भिवंडीच्या गोदामांतून माल वाहणारा टेम्पोवाला तणतणत आला होता.

"उस्ताद, दिवे तर लावलेत, पण इंडिकेटर वेडा झालाय. टिकटिक टिकटिक, थांबतच नाही."

"मागचा बल्ब उडाला असेल, चाचा."

"अरे, कालच तर तू नवा कोरा बसवलास!"

दोघेही खरे बोलत होते. बल्ब उडालेला नव्हता, परंतु फ्लॅशरला तो उडाल्यासारखा वाटत होता. असे का होते, हे ज्याला कळले त्याला या धंद्यातील निम्मे कळले.

फ्लॅशरची समजूत

जुन्या इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा असतो. १२ व्होल्टच्या गाडीत तो साधारण पावणेदोन अँपिअर करंट ओढतो. एका बाजूला पुढचा एक, मागचा एक आणि कडेचा छोटा ५ वॅटचा धरला तर ४७ वॅट, म्हणजे जवळजवळ ४ अँपिअर होतात. फ्लॅशर हा या चार अँपिअरच्या हिशेबाने बनवलेला असतो.

फार जुन्या गाड्यांत उष्णतेवर चालणारा फ्लॅशर असे. त्यात दोन धातूंची जोडपट्टी करंटने तापते, वाकते, संपर्क तुटतो, थंड होते, पुन्हा जुळते. एल.ई.डी. बल्ब ओढतो जेमतेम दोन-तीन वॅट. एवढ्याशा करंटने पट्टी तापतच नाही, म्हणून दिवा लागतो तो लागूनच राहतो, लुकलुकत नाही. नंतरच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आला. तो किती करंट जातो याची मोजदाद ठेवतो. करंट कमी झाला की एखादा बल्ब गेला असे समजून चालकाला इशारा देण्यासाठी वेग दुप्पट करतो. टेम्पोवाल्या चाचांचा इंडिकेटर वेडा झाला नव्हता. तो इमानदारीने आपले काम करत होता, फक्त त्याला नवा बल्ब ओळखता येत नव्हता.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे इंडिकेटर मिनिटाला ६० पेक्षा कमी आणि १२० पेक्षा जास्त वेळा लुकलुकता कामा नये. वेड्या झालेल्या इंडिकेटरची गती ही मर्यादा सहज ओलांडते. घड्याळ हातात धरून १५ सेकंद मोजा, चाराने गुणा. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, तरी मी फार थोड्या गॅरेजांत ही मोजणी होताना पाहिली आहे.

यावर बाजारात दोन उपाय मिळतात. पहिला म्हणजे रेझिस्टर. बाजारात १२ व्होल्टसाठी ६ ओहम, ५० वॅटचा सोनेरी रंगाचा रेझिस्टर मिळतो. तो बल्बला समांतर जोडला की फ्लॅशरला पुन्हा भरपूर करंट दिसतो आणि तो शांत होतो. हिशेब करून पाहा. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरले तर १४ गुणिले १४ भागिले ६, म्हणजे सुमारे ३२ वॅट. २१ वॅटचा बल्ब काढून वीज वाचवली आणि ३२ वॅटची शेगडी बसवली! शिवाय ही शेगडी तापते, इतकी की हात लावता येत नाही. इंडिकेटर निम्मा वेळ बंद असतो म्हणून थोडक्यात निभावते. पण गाडी बंद पडून घाटात अर्धा तास चारही इंडिकेटर चालू ठेवावे लागले तर काय? माझ्या ओळखीच्या एका गाडीत कोणीतरी असा रेझिस्टर दिव्यामागच्या प्लास्टिकला चिकटपट्टीने चिकटवला होता. प्लास्टिक वितळले, वायरींचे कव्हर गेले, फ्यूज उडाला म्हणून गाडी वाचली. रेझिस्टर लावायचाच असेल तर तो पत्र्यावर स्क्रूने कसून, वायरींपासून आणि प्लास्टिकपासून दूर लावावा. त्याशिवाय दुसरी पद्धत नाही.

दुसरा आणि चांगला उपाय म्हणजे फ्लॅशरच बदलणे. करंट कितीही असला तरी एकाच गतीने चालणारे एल.ई.डी. फ्लॅशर आज सर्वत्र मिळतात. येथे एक सांभाळावे. जुना दोन पिनांचा फ्लॅशर असेल तर नव्याला बहुधा अर्थिंगची तिसरी वायर लागते, कारण त्यातील सर्किटला स्वतः चालण्यासाठी वीज हवी. आणि पिनांचा क्रम जपानी पद्धतीच्या व युरोपी पद्धतीच्या गाड्यांत वेगळा असतो. 'बसला म्हणजे बरोबर' असे समजू नये. मीटर लावून कोणत्या पिनेवर बॅटरीचा पुरवठा येतो आणि कोणती पिन स्विचकडे जाते ते आधी पाहावे.

या चांगल्या उपायातही एक तोटा आहे, तो गिऱ्हाइकाला सांगितलाच पाहिजे. असले बहुतेक फ्लॅशर बल्ब गेला तरी वेग वाढवत नाहीत. म्हणजे मागचा इंडिकेटर बंद पडला तर चालकाला केबिनमध्ये बसून कळणार नाही. त्याने रोज सकाळी गाडीभोवती एक फेरी मारायची सवय लावली पाहिजे.

रंग, आरसा आणि दोन तारांचा बल्ब

आता उजेडाकडे वळू. पांढरा एल.ई.डी. लाल काचेमागे बसवला की लाल दिसेलच, असा समज आहे. तो चुकीचा आहे. साध्या बल्बच्या तारेच्या उजेडात लाल भाग भरपूर असतो. लाल काच बाकीचे रंग अडवते आणि लाल सोडते. पांढरा एल.ई.डी. मुळात निळा असतो, त्यावरील पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो आणि त्यात लाल कमी असतो. परिणामी लाल काचेमागे तो मंद किंवा गुलाबीसर दिसतो. म्हणून लाल काचेला लाल एल.ई.डी., नारिंगी काचेला नारिंगी, आणि काच पारदर्शक असेल तर इंडिकेटरला नारिंगीच. पुढे लाल दिवा आणि मागे पांढरा दिवा दिसता कामा नये. रिव्हर्सचा दिवा आणि नंबर प्लेटचा दिवा एवढेच मागच्या पांढऱ्याला अपवाद. निळे, पळणारे, रंग बदलणारे दिवे लावून देण्याचा आग्रह गिऱ्हाईक धरील, तरी लावू नयेत.

दुसरी अडचण आरशाची आहे. दिव्याच्या आतला चकचकीत आरसा बल्बच्या तारेची जागा ठरवून बनवलेला असतो. ती बारीक तार बरोबर केंद्रावर असते आणि चहूबाजूंना उजेड फेकते. स्वस्त एल.ई.डी. बल्बमध्ये सगळे चिप टोकाला असतात. उजेड सरळ बाहेर पडतो, आरसा अंधारात राहतो. नेमके मागे उभे राहून पाहिले तर डोळे दिपतात, पण दोन पावले बाजूला सरकले की दिवा विझल्यासारखा दिसतो. इंडिकेटर तर बाजूच्या माणसासाठीच असतो! घोडबंदर रस्त्यावर टेम्पोच्या डाव्या अंगाने येणारा मोटारसायकलवाला ठीक मागे नसतो, तिरका असतो. त्याला तो दिवा दिसला नाही तर पुढे काय होते ते वेगळे लिहायला नको.

म्हणून दिवा बसवल्यावर भर दुपारी उन्हात गाडी उभी करावी, २०-२५ पावले मागे जावे, आणि मग डावीकडे, उजवीकडे तिरके चालत पाहावे. दुसऱ्या बाजूला जुना बल्ब तसाच ठेवावा म्हणजे तुलना होते. रात्री गॅरेजच्या अंधारात सगळेच दिवे झकास दिसतात. त्या परीक्षेला अर्थ नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची आहे आणि सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. मागच्या दिव्यात पुष्कळदा दोन तारांचा एकच बल्ब असतो. ५ वॅटची तार पार्किंगची, २१ वॅटची ब्रेकची. ब्रेक दाबला की उजेड कितीतरी पटींनी वाढतो, आणि मागच्याला कळते. हलक्या प्रतीच्या एल.ई.डी.मध्ये हा फरक इतका कमी असतो की पार्किंग लाइट चालू असताना ब्रेक दाबला तरी मागच्याला पत्ता लागत नाही. पावसाळ्याच्या रात्री, गायमुखच्या उतारावर किंवा कसारा घाटात, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तो तांबडा ठिपका आधीही तसाच होता आणि नंतरही तसाच. असा बल्ब कितीही चकाकला तरी परत करावा. खरे पाहता ब्रेकच्या दिव्यासाठी एल.ई.डी. फार उपकारक आहे. साध्या बल्बची तार पूर्ण तापायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, एल.ई.डी. लगेच पेटतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मागच्या गाडीला त्यामुळे सव्वातीन मीटरहून अधिक अंतर जास्त मिळते. चांगल्या दिव्याने मिळवलेला हा फायदा वाईट बल्बने घालवला जातो, एवढेच.

मोटारसायकल, रिक्षा आणि ट्रक

मोटारसायकलच्या बाबतीत एक गंमत होते. काही जुन्या दुचाकींत मीटरवर इंडिकेटरचा एकच बारीक दिवा असतो आणि तो डाव्या व उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो. डावा इंडिकेटर लागला की करंट त्या बारीक दिव्यातून उजव्या बल्बांमार्गे अर्थ होतो. उजव्या मोठ्या बल्बांना एवढ्या करंटने काही होत नाही. पण तेथे एल.ई.डी. असतील तर तेवढ्यावरही ते पेटतात आणि डावीकडे वळताना चारही दिवे लुकलुकू लागतात. मग मुले फ्लॅशर बदलत बसतात, दोष काही सापडत नाही. उपाय स्वस्त आहे. १एन४००७ जातीचे दोन डायोड घ्यावे, एक डाव्या वायरीतून व एक उजव्या वायरीतून त्या बारीक दिव्याच्या एका टोकाला आणावा, आणि दिव्याचे दुसरे टोक अर्थ करावे. डायोडची पांढरी रेघ दिव्याकडे.

आणखी एक. अनेक जुन्या दुचाकींत इंडिकेटर बॅटरीवर चालतात, परंतु हेडलाइट आणि टेल लाइट थेट इंजिनच्या कॉइलवर, म्हणजे उलटसुलट करंटवर. तेथे साधा एल.ई.डी. लावला तर तो थरथरतो आणि लवकर जातो. आधी मीटरने करंट कोणता आहे ते पाहावे.

ट्रक आणि मोठे टेम्पो २४ व्होल्टचे असतात, आणि चार्जिंग चालू असताना तेथे २८ व्होल्टपर्यंत जातात. त्यावर सेल्फ, हॉर्न यांचे झटके येतात ते वेगळेच. आत रेग्युलेटर नसलेला बल्ब तेथे महिनाभरही टिकत नाही. पाकिटावर १२ ते २४ असे छापलेले असले तरी बल्ब किती तापतो ते दहा मिनिटे चालू ठेवून पाहावे. एल.ई.डी.चे आयुष्य उष्णतेने घटते. 'कधीच उडत नाही' असे सांगून माल विकणाऱ्यापासून दूर राहावे.

नव्या, कॉम्प्युटरवाल्या मोटारींत तर बल्ब बंद असतानाही कॉम्प्युटर मधूनमधून बारीकसा झटका पाठवून बल्ब जागेवर आहे का ते तपासतो. साध्या बल्बला ते जाणवत नाही, एल.ई.डी. मात्र चमकतो किंवा मीटरवर दोषाचा दिवा लागतो. अशा गाड्यांना अनुभव नसताना हात लावू नये.

सगळ्या गाड्यांना लागू पडणारी बाब म्हणजे अर्थिंग. आपल्याकडचा पाऊस आणि खाडीकडची खारी हवा यांमुळे दिव्यामागचा अर्थचा पॉइंट गंजतो. मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की पार्किंग लुकलुकते. निम्म्या गिऱ्हाइकांची 'दिवा मंद आहे' ही तक्रार गंज खरवडून, नवी अर्थ वायर टाकून, होल्डर साफ करून जुन्याच बल्बवर मिटते. असे काम केले तर गिऱ्हाईक बल्बचे पैसे देणार नाही हे खरे. पण तेच गिऱ्हाईक आणखी चार घेऊन येते.

कायदा काय म्हणतो

येथे बरेच कारागीर कानाडोळा करतात. भारतात वाहनांच्या दिव्यांना ए.आय.एस. नावाची मानके लागू आहेत. मोटारी व मोठ्या वाहनांवर दिवे कोठे आणि कसे असावेत हे ए.आय.एस.-००८ मध्ये, तर दिव्याचा उजेड कसा असावा हे ए.आय.एस.-०१२ मध्ये दिले आहे. दुचाकी-तीनचाकींसाठी वेगळी मानके आहेत. पुण्याची ए.आर.ए.आय. ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था अशा तपासण्या करते. महत्त्वाचा मुद्दा असा की तपासणी दिवा आणि त्यातील बल्ब मिळून होते. तारेच्या बल्बसाठी पास झालेल्या दिव्यात एल.ई.डी. घातला की ती तपासणी त्या दिव्याला लागू राहत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनात निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. एक बल्ब बदलणे यात बसते की नाही यावर वकील वाद घालू शकतील. परंतु नाक्यावर माल भरलेला टेम्पो अडवला असता वाद घालायला चालकाकडे वेळ नसतो. शिवाय व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंगला जावे लागते. एम.एच.-०४ असो वा एम.एच.-०५, पासिंगला गाडी परत आली की तेवढ्या दिवसांची रोजी बुडते, आणि चालक शिव्या देतो त्या बल्ब बसवणाऱ्याला.

मग हा धंदा करूच नये काय? तसे नाही. माझे मत असे की सुटा एल.ई.डी. बल्ब जुन्या दिव्यात घालण्याचे काम, विशेषतः ब्रेक आणि इंडिकेटरसाठी, शक्यतो टाळावे. त्याऐवजी संपूर्ण दिवाच बदलावा. आज अनेक गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीचाच एल.ई.डी. टेल लॅम्प असतो. ट्रक-टेम्पोसाठीही मान्यतेचा क्रमांक कोरलेले पूर्ण एल.ई.डी. दिवे मिळतात. त्यात उजेडाची दिशा, पार्किंग-ब्रेकचा फरक, पाण्यापासून बचाव हे सगळे मुळातच बसवलेले असते. घेताना एवढे पाहावे की दिव्यात लाल रिफ्लेक्टर आहे. नसेल तर तो वेगळा लावावा, कारण गाडीचे सगळे दिवे गेले तरी मागच्याच्या हेडलाइटमध्ये तोच चमकतो. केबिनमधील दिव्याला मात्र खुशाल एल.ई.डी. लावावा.

दुकान टाकणाऱ्यांना

या कामाला भांडवल फार लागत नाही. चांगला मल्टिमीटर, क्रिंपिंगचा पक्कड, सोल्डरिंग, आकसणाऱ्या स्लीव्ह, दोन-तीन जातींचे फ्लॅशर आणि मोजका माल एवढ्यावर सुरुवात होते. आय.टी.आय.मधून वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स किंवा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम केलेल्या मुलाला हे लवकर येते. न केलेल्यालाही येते, पण त्याने ओहमचा नियम तरी कागदावर गिरवावा. वर ३२ वॅटचा जो हिशेब केला तो त्याच नियमाचा आहे. पैशांची अडचण असेल तर २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेत पहिल्या, म्हणजे शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. बँकेत स्वतः जाऊन चौकशी करावी, मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

मालाचे पक्के बिल घ्यावे आणि पक्के बिल द्यावे. बिलावर काय बसवले, दिव्यावरील मान्यतेचा क्रमांक कोणता, हमी किती दिवसांची, हे तीन तपशील लिहावेत. वायर कापून जोडण्याऐवजी कंपनीचा सॉकेट वापरावा, म्हणजे पुढे काढावे लागले तर गाडी पूर्ववत होते. आणि काढलेले जुने बल्ब व जुना फ्लॅशर फेकून देऊ नयेत. एका डब्यात घालून गिऱ्हाइकाच्या हवाली करावेत आणि गाडीतच ठेवायला सांगावेत. नवा फ्लॅशर मध्येच गेला तर जुन्या बल्बांसह जुना फ्लॅशर बसवून इंडिकेटर चालू करता येतात, आणि कसाऱ्यात रात्री दोन वाजता स्पेअर पार्टचे दुकान उघडे नसते.